बसवत नाही, उभं राहवत नाही

गणपतीची सुट्टी संपून कॉलेज पुन्हा सुरू झालं त्या सोमवारी मी आगरदांड्याच्या धक्क्यावर लाँचमधून उतरायला उठले आणि माझा उजवा गुडघा वाकेना. दिघीहून खाडी ओलांडायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात तो आखडून बसला होता. विसर्जनाला आम्ही पोरी दुपारपासून नाचलो होतो, तेव्हा कुठे आपटला असेल, असं मी धरून चालले. एसटीत चढताना डावा पाय आधी टाकला आणि उजवा हाताने ओढून वर घेतला. दोन दिवसांनी उजवा जरा बरा वाटला, तर डावा सुजला. आठवड्याभरात सकाळी तांब्या धरायलाही बोटं मिटेनात.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, केमिस्ट्री घेऊन. आमच्या वस्तीतले मुलगे आयटीआय करायचे किंवा बोटीवर जायचे. खाडीपलीकडे रोज कॉलेजला जाणारी मुलगी मी पहिलीच. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. मला कायम धास्ती असायची, की काही कारणाने हे एकदा थांबलं तर पुन्हा सुरू होणार नाही. त्यामुळे गुडघ्याचं कुणाला काही कळू द्यायचं नाही, हे मी आईने सांगायच्या आधीच मनाशी ठरवून टाकलं होतं.

आई खळ्यावर काम करायची. किनाऱ्याला लागून जी सारवलेली मोकळी जागा असते, तिथे जवळा आणि बोंबील वाळत घालायचे, परतायचे, ऊन उतरायच्या आत गोळा करायचे, आणि बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन म्हसळ्याला जायचं. बाबा त्याच लाँचवर खलाशी होते. दोर फेकायचा, लाँच धक्क्याला लावायची, चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांना हात द्यायचा. मी मात्र त्यांचा हात कधी धरत नसे. लहानपणापासून त्या पायऱ्यांवरून उड्या मारत आलेली मी, मला कशाला हात लागतो!

आईने निर्गुडीचा पाला गरम करून बांधला. मग मिठाची पुरचुंडी शेकली. एकदा तिने दोन्ही अंगठ्यांनी माझा गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाली, "यात पानी भरलंय, बाय."

तालुक्याच्या एका डॉक्टरांनी अशक्तपणा आहे म्हणून इंजेक्शन दिलं. दोन दिवस मी हरणासारखी पळाले. तिसऱ्या दिवशी होतं तिथेच.

त्या वर्षाचं मला काही आठवू लागलं, की आधी आठवते ती माझी चुळबुळ. वर्गात वीस मिनिटं झाली की गुडघ्यात आतून कुणीतरी पाचर ठोकल्यासारखं व्हायचं. पाय लांब केला की बरं वाटायचं, पण तेही पाचच मिनिटं. पहिल्या बाकावर हे जमेना म्हणून मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. तिथून पाय मधल्या वाटेत सोडता यायचा. एकदा फिजिक्सचे सर शिकवता शिकवता थांबले आणि म्हणाले, "मागच्या बाकावर काय लाँच पकडायची घाई आहे?" सगळा वर्ग हसला. मीही हसले. हसताना पाय आत घेतला, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं ते कुणी पाहिलं नाही.

घरी तर आणखी पंचाईत. आमच्याकडे टेबल-खुर्ची नव्हती. सगळं जमिनीवर. जेवण, अभ्यास, झोप. मांडी घालून बसणं बंद झालं आणि माझी अभ्यासाची जागाच गेली. मग एक पान खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून उभ्याने, एक पान ओट्यावर पाय सोडून बसून, एक पान अंगणात फेऱ्या मारत, असं सुरू झालं. उताणी पडून छातीवर पुस्तक ठेवूनही पाहिलं, पण मनगटं दुखायची. मन लागतंय न लागतंय तोच शरीर उठवायचं. धड बसवत नाही, उभं राहवत नाही, आणि डोक्यात अर्धवट राहिलेली समीकरणं. आई जवळा निवडता निवडता ओरडायची, "एका जागी बस जरा! तुला बघून मला गरगरतंय."

सकाळ सगळ्यात वाईट. उठल्यावर दीड तास मी लाकडाची असे. पावणेसातची लाँच गाठायची तर साडेचारला उठायला हवं, हा हिशेब मी हळूहळू शिकले. आई चूल पेटवून पाणी तापवायची, मी अंथरुणातच गरम फडकी गुडघ्यांना गुंडाळून पाठांतर करायची. तोंड तेवढं चालत होतं ना! बेन्झीनपासून नायट्रोबेन्झीन, नायट्रोबेन्झीनपासून अनिलीन. काही दिवसांनी मी अडकले की आईच भाकरी थापता थापता पुढचं नाव सांगायला लागली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण क्रम चुकत नसे.

डिसेंबरात बाबांनी एक दिवसाची रजा काढली आणि मला अलिबागला नेलं. तिथल्या डॉक्टर बाई मोठ्या डोळ्यांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी माझं एकेक बोट दाबलं, मनगटं फिरवली, मग मला आडवं केलं आणि उजव्या गुडघ्यातून सुईने पाणी काढलं. पिवळं, गढूळसर. सिरिंज भरली तरी ते येतच होतं. मी पाहत होते. बाबांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

रक्ताचा रिपोर्ट चार दिवसांनी मिळाला. पुन्हा अलिबाग.

"हा आमवात आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आपल्या शरीराची राखण करणारी जी ताकद असते ना, ती चुकून आपल्याच सांध्यांवर उलटते. म्हातारपणाची झीज वेगळी, हे वेगळं."

बाबांनी एकच विचारलं, "किती दिसांत जाईल?"

"जात नाही. पण आवरता येतो. गोळ्या नेमाने घेतल्या तर ही सगळं करू शकेल."

बाबांनी रिपोर्टची चौपदरी घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. परतीच्या एसटीत पूर्ण रस्ताभर ते त्या खिशावर हात ठेवून बसले होते. मी दोनदा सीटवरून उठून दांड्याला धरून उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "ताई, जागा आहे की, बसा ना." बाबा त्याला म्हणाले, "राहू दे, उभी राहू दे तिला."

आईला सांगितलं तेव्हा ती आधी पटलंच नाही असं बोलली. "वात म्हाताऱ्या मानसांना व्हतो."  रात्रीची भांडी घासून झाल्यावर माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "कुनाला सांगू नको हां. गुडघा आपटला म्हनायचं."

"का?"

"का म्हंजे? उद्या तुला बघायला कुनी येनार हाय की न्हाय?"

मी वाद घातला नाही. माझंही तेच ठरलं होतं, कारण तेवढं वेगळं.

गोळ्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या होत्या. रविवारी दुपारी जेवल्यावर छोट्या छोट्या सहा पिवळ्या गोळ्या. डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं, रोज नाही, आठवड्यातून एकदाच, आणि दर महिन्याला रक्त तपासायचं. गुण यायला दोन-तीन महिने लागतील, हेही सांगितलं होतं. तोवर लाँच होती, एसटी होती, आणि धक्क्याच्या पायऱ्या होत्याच.

पायऱ्यांचं सांगायला हवं. आमच्या बाजूच्या धक्क्याला लाँच लागते तिथे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. भरती असली की लाँच वर आलेली असते, दोनच पायऱ्या उतरून आत जाता येतं. ओहोटीला ती खाली जाते आणि दहा-अकरा पायऱ्या उघड्या पडतात, शेवाळलेल्या, ओल्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आमच्याकडे सकाळी पावणेसातला पूर्ण ओहोटी असते, अष्टमीच्या सुमाराला भरती. हे मला जन्मापासून माहीत होतं, पण त्याचा माझ्याशी काही संबंध आहे असं कधी वाटलं नव्हतं. आता भिंतीवरच्या कॅलेंडरात आई उपासाचे दिवस बघायची आणि मी पायऱ्या मोजायची. अमावास्या-पौर्णिमेचे दिवस मी आधीच हेरून ठेवायची. त्या दिवसांत मी सगळ्यांच्या आधी धक्क्यावर जायची, म्हणजे उतरताना मागे कुणी नसेल. बाबा खाली दोर धरून उभे असत. हात पुढे करत. मी भिंतीला धरून आडवी आडवी उतरत असे आणि त्यांच्याकडे न बघता आत जाऊन बसत असे.

फेब्रुवारी संपता संपता गोळ्यांनी काम सुरू केलं. एका सकाळी उठले आणि लक्षात आलं, की मी उठले आहे. म्हणजे विचार न करता उठले. पण रविवारच्या गोळ्यांचा सोमवार भयंकर जायचा. सकाळपासून मळमळ, त्यात लाँचच्या डिझेलचा वास. कॉलेजला पोचेपर्यंत उलटी तोंडाशी आलेली. सोमवारीच आमचं मोठं प्रॅक्टिकल असायचं. ॲसिडचा वास आला की मी बाहेर पळायची. केमिस्ट्रीच्या मॅडमना वाटायचं, हिला काम टाळायचंय. दोन सोमवार तर मी घरीच झोपून राहिले.

परीक्षा एप्रिलात होती. मार्चच्या दुसऱ्या रविवारी मी गोळ्या हातात घेतल्या, पाण्याचा पेला घेतला, आणि गोळ्या कंपास पेटीत टाकल्या. परीक्षा झाली की सुरू करू. गुडघे तर बरेच आहेत. एक महिन्याने काय होणार आहे?

"गोळी घेतलीस?" आईने आतून विचारलं.

"हो."

सोमवार स्वच्छ गेला. मळमळ नाही, काही नाही. मी तीन तास सलग वाचलं, अर्थात मध्ये मध्ये उठत. पुढच्या रविवारी पेटीत आणखी सहा गोळ्या पडल्या. तिसऱ्या रविवारपर्यंत मला वाटू लागलं होतं, की डॉक्टरांचंच काहीतरी चुकलंय, मला तो आजार नाहीच. इतकं हलकं वाटत होतं. आईने दर रविवारी विचारलं आणि दर रविवारी मी हो म्हटलं. मला त्यात काही खोटं बोलल्यासारखंही वाटत नव्हतं. मी फक्त थोडं पुढे ढकलत होते.

पाचव्या रविवारनंतर बुधवारी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. मंगळवारी संध्याकाळी मनगटं जड झाली. बुधवारी पहाटे साडेचारला मी डोळे उघडले आणि पाय हलवायचा प्रयत्न केला, तर हललाच नाही. दोन्ही गुडघे शहाळ्यांएवढे. हात लावला तर गरम. आईने पाण्यामागून पाणी तापवलं. सहा वाजले तरी मी उभी राहिले नव्हते.

"न्हाय जमत तर राहू दे," आई म्हणाली.

"राहू दे म्हणजे? परीक्षा आहे!"

तिने मला काखेत हात घालून उभं केलं. माझी बॅग तिने खांद्याला लावली आणि आम्ही दोघी धक्क्याकडे निघालो. सात मिनिटांची वाट आम्ही अर्ध्या तासात चाललो. आदल्या दिवशीच पौर्णिमा होऊन गेली होती. धक्क्यावरून खाली पाहिलं, तर लाँच खोल तळाशी, आणि सगळ्या पायऱ्या उघड्या, हिरव्या चकचकीत. त्या दिवशी मी पहिली नव्हते. पुढे-मागे पंधरावीस माणसं, बाजाराच्या टोपल्या घेतलेल्या बाया.

पहिल्या पायरीवर मी पाय टाकला आणि कळलं, की हे होणार नाही. गुडघा वाकत नव्हता आणि वाकला तर भार घेणार नव्हता. मागून कुणीतरी म्हणालं, "सरक गं पुढं, लाँच सुटंल."

मी खाली बसले. त्या ओल्या पायरीवर बसले, पाय पुढे सोडले, आणि दोन्ही हातांनी स्वतःला उचलत एकेक पायरी घसरत उतरायला लागले. लहान मूल जिन्यावरून उतरतं तसं. मागचा आवाज थांबला. वर-खाली सगळे बघत होते. माझ्या नवीन ड्रेसला शेवाळ लागत होतं ते मला मागून थंडगार कळत होतं. सातव्या-आठव्या पायरीवर मी थांबले. मनगटं आता भार घेईनात. बाबा दोर दुसऱ्या खलाशाकडे देऊन वर आले, माझ्यापुढे वाकले आणि दोन्ही हात पुढे केले. मी ते धरले. त्यांनी मला उचलून लाँचमध्ये नेलं आणि फळीवर बसवलं.

"काय झालंय काय हिला?" एका बाईने विचारलं.

मी म्हणणार होते, आपटले. त्याआधीच बाबा सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "सांध्यांचा आजार हाय तिला. औषध चालू हाय."

आई माझी बॅग खाली देऊन वर धक्क्यावरच उभी होती. तिने ते ऐकलं की नाही, कळलं नाही. मी मात्र ऐकलं. औषध चालू हाय. अख्खी खाडी ओलांडेपर्यंत बाबा अधूनमधून माझ्याकडे बघत होते आणि मी पाण्याकडे बघत होते.

परीक्षा चार तासांची. आधी टायट्रेशन, मग दिलेला सेंद्रिय पदार्थ ओळखायचा. आमच्या प्रयोगशाळेत सगळे उभ्यानेच काम करायचे, तशी सवयच होती. अर्धा तास मी टेबलाला पोट टेकून उभी राहिले. ब्युरेटची चावी माझ्या बोटांनी फिरेना. जोर लावला की एकदम फिरायची आणि नको तेवढं द्रावण खाली पडायचं. पहिलं रीडिंग वाया गेलं. दुसरं वाया गेलं. तिसऱ्या वेळी शंकूपात्र हातातून निसटलं आणि फुटलं.

मॅडम आल्या. "काय चाललंय तुझं?"

आता काय लपवायचं राहिलं होतं! "मॅडम, मला आमवात आहे. उभं राहवत नाहीये."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग खाली. "कधीपासून?"

"गणपतीपासून."

"आणि तू मला आज सांगतेस? मला वर्षभर वाटत होतं, की तुला माझा तास नकोसा झालाय."

बाहेरून आलेले परीक्षक एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी मॅडमकडून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "स्टूल द्या तिला." स्टूल आलं. पण स्टुलावर बसल्यावर ब्युरेट डोळ्यांच्या फार वर गेलं, रीडिंग बरोबर घेता येईना. तेव्हा प्रयोगशाळेतले मामा, जे वर्षभर आमच्या फुटलेल्या नळ्या गोळा करत आणि बडबडत, ते दुसरं बुटकं स्टूल घेऊन आले, त्यावर स्टँड ठेवला, ब्युरेटची चावी काढली, तिला बोटाने ग्रीस लावलं आणि परत बसवली. "आता बघ," एवढंच म्हणाले. चावी लोण्यासारखी फिरली.

मी काम सुरू केलं. पण बसून दहा मिनिटं झाली की उठावंच लागायचं. उठायचं, टेबलाभोवती एक फेरी, पुन्हा बसायचं. तिसऱ्या-चौथ्या फेरीला परीक्षक चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाळ, एक तर बस, नाही तर उभी राहा."

"सर, दोन्ही थोडं थोडंच जमतं."

ते हसले. "बरं. कर तुझ्या पद्धतीनं."

टायट्रेशन पुरं झालं. दुसरा प्रयोग अर्धाच झाला आणि वेळ संपली. तोंडी परीक्षेत त्यांनी मला सहा-सात प्रश्न विचारले, सगळ्यांची उत्तरं आली. अनिलीनवर विचारलं तेव्हा मला आईचा आवाज ऐकू आला. तरी शेवटी वर्गात प्रॅक्टिकलला सगळ्यात कमी मार्क माझेच होते. पास झाले एवढंच.

संध्याकाळी मी कंपास पेटी उघडून आईसमोर ठेवली. ती खळ्यावरून नुकतीच आली होती, हाताला जवळ्याचा वास. तिने गोळ्या तळहातावर घेतल्या. तीस होत्या.

"पाच रयवार," ती म्हणाली. "पाच रयवार मी इचारलं. पाची बारी तू व्हय म्हनालीस."

 नंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. फडकी तापवून आणून ठेवायची, ताट पुढे करायची, पण शब्द नाही. बाबांनी तर आवाजही चढवला नाही. पान लावता लावता नुसतं म्हणाले, "मी सगळ्यांसमोर सांगितलं ना गं." तेवढ्यानेच मला कुठे तोंड लपवू असं झालं.

त्याच आठवड्यात अलिबागला डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांतलं पाणी काढलं, इंजेक्शनं दिली आणि मग विचारलं, "बंद का केल्यास?"

"सोमवारी मळमळतं. सोमवारी प्रॅक्टिकल असतं."

"मग शनिवारी रात्री घे. रविवारी कॉलेज नसतं. मळमळीवर मी वेगळी गोळी देते."

 एवढं सोपं होतं. मी विचारलंच नव्हतं कुणाला. आई शेजारी बसली होती, ती पहिल्यांदाच बोलली, "आता मी समोर बसून घ्यायला लावनार." आणि तिने ते खरंच केलं. पुढचं वर्षभर शनिवारी जेवणं झाली की ती पेला घेऊन समोर बसायची आणि गोळ्या गिळल्यावर मला तोंड उघडून दाखवायला लावायची. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला! मी चिडायचे, पण दाखवायचे.

लेखी परीक्षेला मॅडमनी मला मागच्या दाराजवळची जागा मिळवून दिली. भिंतीला लागून एक उंच टेबल होतं. अर्धा पेपर मी खुर्चीत बसून लिहिला, अर्धा त्या टेबलापाशी उभ्याने. फिजिक्सचे सर एका पेपरला पर्यवेक्षक होते. माझ्या फेऱ्या त्यांनी तीन तास पाहिल्या. लाँचबद्दल काही बोलले नाहीत.

आता वस्तीत सगळ्यांना कळलं होतं. आईला ज्याची भीती होती ते तर झालंच. बाया आमच्या दारावरून जाताना आत डोकावायच्या, तोंडातून च्यक च्यक करायच्या. आई दार लोटून घ्यायची. मेच्या एका दुपारी मात्र खळ्यावर तिच्या शेजारी बसणारी एक बाई आली. बारा-तेरा वर्षं दोघी एकाच ताडपत्रीवर जवळा परतत आल्या होत्या. ती आली, पाणी प्यायली, इकडचं तिकडचं बोलली, उठली, परत बसली. मग पदराखालून हात बाहेर काढून तिने आईपुढे धरले. बोटं एका बाजूला कललेली, पेरं फुगलेली.

"तुज्या पोरीचं जे हाय," ती म्हणाली, "तेच माजं असंल काय?"

आईने ती बोटं जवळ घेऊन पाहिली. "कवापासनं?"

"पाचसा वर्सं झाली. मिठाच्या पान्यानं व्हतं असं वाटलं. तुज्या पोरीला पायऱ्यांवर बघितलं तवा मनात आलं."

"रोज माज्या बाजूला बसतीस आनि बोलली न्हाईस?"

"तू तरी कुठं बोललीस?"

 मग आईने सगळं सांगितलं. पिवळं पाणी, रिपोर्ट, आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या, मळमळ, माझे पाच रविवार, सगळं. मी आत खिडकीच्या कट्ट्याला टेकून ऐकत होते. पुढच्या आठवड्यात आई स्वतः त्या बाईला घेऊन अलिबागला गेली. परत आली तेव्हा थकलेली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की दुखणं कमी होईल, पण वाकडी झालेली बोटं आता सरळ होणार नाहीत. ती बाई म्हणाली म्हणे, दुखायचं थांबलं तरी बास झालं.

तिसरं वर्ष मी पुरं केलं. पहिला वर्ग थोडक्यात हुकला. प्रॅक्टिकलचे ते मार्क मला शेवटपर्यंत भोवले. एम.एस्सी.साठी मुंबईला जायचं मनात होतं, ते तेव्हा जमलं नाही. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत मला विचारलं, तब्येतीची काही तक्रार? मी आजाराचं नाव सांगितलं. कळवतो म्हणाले, कळवलं नाही. आई म्हणाली, कशाला सांगितलंस. दुसऱ्या मुलाखतीतही मी सांगितलं. रोह्याच्या बाजूला एक कारखाना आहे, त्याच्या प्रयोगशाळेतली जागा होती. तिथल्या साहेबांनी विचारलं, "किती वेळ सलग उभं राहता येतं?"

"चांगल्या दिवशी चाळीस मिनिटं. मग थोडं बसावं लागतं. बसून बसून पुन्हा उठावं लागतं."

"इथे सॅम्पल आणायला दिवसभर हिंडावंच लागतं," ते म्हणाले. सोमवारपासून ये, म्हणाले.

त्याला आता सहा वर्षं झाली. डावा गुडघा पूर्ण सरळ होत नाही, पण पायऱ्या चढते-उतरते. सिनेमाला गेले तर कडेची खुर्ची घेते. कुणाकडे जेवायला गेले आणि जमिनीवर पंगत असली तर आधीच सांगते. यंदा पावसाळ्यानंतर मनगट पुन्हा सुजायला लागलंय. डॉक्टर म्हणतात, गोळ्यांचा जोर कमी पडतोय, इंजेक्शनवर जाऊ. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. पुढच्या महिन्यात रिपोर्ट घेऊन जायचंय. त्यातच मी घरबसल्या करायच्या एम.एस्सी.चा फॉर्म भरलाय. पुस्तकांचा गठ्ठा आलाय. संध्याकाळी रोह्याच्या खोलीवर आले की एक प्रकरण काढते, अर्धं वाचते, उठते.

काल आईचा फोन आला होता.

"आनि किती शिकनार हाईस?"

"दोन वर्षं."

"मंग?"

"मग बघू," मी म्हटलं, आणि फोन दुसऱ्या हातात घेतला, कारण हा हात दुखायला लागला होता.